बंदूकमालकी आणि अपघाती मृत्यू : भारत व शेजारी देश

नागरिकांकडील बंदुकांचे प्रमाण आणि त्यांमुळे होणारे अपघाती मृत्यू यांचा हा आढावा आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार दर १०० माणसांमागे पाकिस्तानात सुमारे २२, भारतात ५, तर बांगलादेशात एकाहूनही कमी बंदुका होत्या. भारतातील एकूण सुमारे ७.१ कोटी बंदुकांपैकी बहुसंख्य विनानोंदणी होत्या.

लग्नातला हवेतील गोळीबार भारत-पाकिस्तान दोन्हीकडे पाहुण्यांचे जीव घेतो. भारतात शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या शेतीच्या गावांत बंदुकीचा विषय रानडुकरांपासून पीक राखण्याशी जोडलेला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. अपघात टाळण्यासाठी घरातील बंदूक रिकामी आणि कुलूपबंद असणे अत्यावश्यक ठरते.