डगमगणाऱ्या मोटारसायकलचे निदान

हैदराबादेतील चिक्कडपल्लीच्या रस्त्यावरून जुनी बुलेट जाते, तेव्हा तिच्यातील दोष बहुधा झाकलेलाच राहतो. नारायणगुड्याकडून आर. टी. सी. चौरस्त्याकडे निघालेल्या गाडीला तेथील वर्दळीत वेग घेण्यास सवडच मिळत नाही. २०२० पासून माथ्यावरून मेट्रो धावू लागली, तरी खालचा रस्ता मोकळा झाला असे नाही. शहर मागे पडले म्हणजे मात्र त्याच गाडीचे हँडल थरथरू लागते, किंवा सबंध गाडीच सर्पासारखी डुलू लागते. ही दोन निरनिराळी दुखणी आहेत, हे कळण्यास शास्त्राला बराच काळ लागला.

दुचाकीच्या तोलाची समीकरणे इंग्रज गणिती व्हिपल यांनी १८९९ मध्येच मांडली होती. परंतु त्यांचे चाक हे गणितातले चाक होते. ते बाजूला घसरत नव्हते, दबत नव्हते. रस्त्यावरचे रबरी टायर ही दोन्ही कामे करते. रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याने १९७१ मध्ये टायरचे हे वर्तन हिशेबात घेतले, आणि वळवळ व डुलणे यांची फोड स्पष्ट झाली. वळवळीत पुढचे चाक व हँडल सेकंदाला अनेक वेळा थरथरतात. डुलण्यात सबंध गाडी त्याहून संथपणे, पण अधिक वेगात, डावी-उजवीकडे झुलते. शार्प यांच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघाली. जुन्या अनेक गाड्यांच्या हँडलाच्या मध्यभागी घर्षणाचा दाबपेच असे. थरथर जाणवली की स्वार तो आवळी. तो वळवळ शमवतो खरा, परंतु मोठ्या वेगात डुलणे वाढवू शकतो. एका रोगाचे औषध दुसऱ्याचे कुपथ्य ठरावे, असाच हा प्रकार!

बुलेटचा इतिहास या दृष्टीने बोधक आहे. पूर्वीच्या मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला थेट जखडलेले असे. स्वाराची हाडे खिळखिळी होत, पण सैल होण्याजोगा सांधा तेथे नव्हता. १९४९ च्या बुलेटला मागे झुलता चिमटा व शॉक अब्सॉर्बर आले. आराम वाढला, आणि झिजणाऱ्या बुशांची एक नवी जागाही निर्माण झाली. १९५५ मध्ये मद्रासेत या गाडीची उभारणी सुरू झाली, तेव्हा हैदराबादहून नांदेडला जाणारा स्वार एकाच राज्यातून जात असे. पुढील वर्षी मराठवाडा निराळा झाला. इंग्लंडात ती बंद पडली, तरी येथे तिचा आराखडा कित्येक दशके फारसा बदलला नाही. म्हणून एका सालच्या गाडीला दुसऱ्या सालचा भाग बसतो. पण बसणे निराळे आणि जुळणे निराळे.

निदानाचा आरंभ हवेपासून व टायरपासून करावा, कारण तेथे खर्च कमी व दोष अधिक. मधोमध झिजून सपाट झालेले टायर नव्या बेअरिंगांचा सारा गुण वाया घालवते. त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, आणि चिमट्याची खालची टोके धरून मागे-पुढे हलवावीत. ठक् असा धक्का जाणवला, तर मानेचे बॉल-रेसर सैल आहेत. हँडल सावकाश फिरवताना ते नेमके मध्यभागी खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर रेसरला खड्डे पडलेले आहेत. हा दोष मात्र चिक्कडपल्लीच्या गर्दीतही लपत नाही. गाडी संथ चालीतच इकडेतिकडे भरकटते. ही खाच पेच आवळून जात नाही, रेसर बदलावेच लागतात.

मागच्या चाकाची परीक्षा अधिक नाजूक आहे. चाक बाजूला रेटले असता चिमटा स्थिर राहून फक्त चाक हलत असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. चिमटाही सोबत हलला, तर बुशाचा. पुष्कळदा येथेच घाई होते आणि चांगली बेअरिंगे बदलली जातात. डुलण्याचा उगम बहुधा मागे असतो. १९७४ मध्ये शार्प यांनीच दाखवले की, मागच्या भागाचा पिळवटण्याचा सैलपणा डुलण्यास बळ देतो. मिस्त्रींच्या तळहाताला मात्र हे समीकरणांवाचूनही उमगत आले होते.

बुलेटच्या मागच्या आसाशी साखळी ताणण्यासाठी गोगलगायीच्या आकाराच्या दोन खाचदार चकत्या असतात. दोन्हींकडील खाच एकच नसेल, तर चाक तिरपे बसते. खाचा जुळल्यावरही मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढपर्यंत ताणलेली दोरी धरून पाहावी. कारण जुन्या अपघातात सांगाडाच वाकला असेल, तर खाचा ते सांगत नाहीत. दोरीत फरक दिसला, तर पुढचा कोणताही खर्च सांगाडा सरळ होईपर्यंत थांबवावा. फरक नसेल, तर मागच्या कॅरिअरवरील ओझे उतरवून, रिकाम्या रस्त्यावर, वेग थोडाथोडाच वाढवीत गाडी चालवून पाहावी.