मूळचा कुठला?

न्यूझीलंडमध्ये डनेडिनला मुलाच्या परसात एक पोपट उतरला. लाल डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट, निळे पंख. स्वारी थेट रंगपंचमी खेळून आलेली! मी कॅमेरा सरसावला. फोटोत आली फक्त शेपटी.

"आजोबा, तो रोझेला. इथला नाही, ऑस्ट्रेलियाचा," नात म्हणाली.

१९१०च्या सुमारास हे पोपट बोटीने इथं आले. कस्टमवाल्यांनी प्रवेश नाकारला, तेव्हा ओटागो बंदराच्या तोंडाशी त्यांना सोडून दिलं. पोपटांनी किनारा गाठला नि संसार थाटला!

शंभरावर वर्षं उलटली. पक्ष्यांच्या पुस्तकांत ते अजून ‘बाहेरून आणलेले’च. नातही इथंच जन्मली. तिला लोक विचारतात, "तू कुठली?"

"डनेडिनची."

"हो, पण मूळची?"

पोपटाचं बरं आहे. तो प्रश्नाआधीच उडतो.