द डॅल्स अन्नविषबाधा (१९८४)

सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील द डॅल्स या शहरात घडवून आणलेली सामूहिक अन्नविषबाधा ‘द डॅल्स अन्नविषबाधा’ म्हणून ओळखली जाते. साल्मोनेला जीवाणूच्या संसर्गाने ७५१ जण आजारी पडले व त्यांपैकी ४५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कोणीही दगावले नाही.

पार्श्वभूमी

आचार्य रजनीश (ओशो) १९८१ मध्ये पुण्याहून अमेरिकेस गेले. वॉस्को परगण्यात त्यांच्या अनुयायांनी रजनीशपुरम् वसवले. जमिनीच्या वापरावरून स्थानिकांशी त्यांचा तंटा विकोपाला गेला. नोव्हेंबरमधील परगण्याच्या निवडणुकीत विरोधी मतदार आजारी पडून घरीच राहावेत, असा काही अनुयायांचा बेत होता. त्याची रंगीत तालीम म्हणून त्यांनी दहा उपाहारगृहांतील सॅलडमध्ये जीवाणू मिसळले.

तपास

राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रथम उपाहारगृहांतील कामगारांच्या अस्वच्छतेला दोष दिला. वस्तुतः सर्व उपाहारगृहांना समान असा पाण्याचा वा अन्नपदार्थांचा स्रोत आढळला नव्हता. तथापि, कोणी जबाबदारी स्वीकारली नव्हती व हेतूही स्पष्ट नव्हता. म्हणून घातपाताची शक्यता मागे पडली. सप्टेंबर १९८५ मध्ये खुद्द रजनीशांनी आपल्या माजी सचिव माँ आनंद शीला यांच्यावर जाहीर आरोप केले. त्यानंतरच्या झडतीत आश्रमाच्या प्रयोगशाळेत सापडलेला जीवाणू रुग्णांमधील जीवाणूशी जुळला. १९८६ मध्ये शीला व माँ आनंद पूजा यांना कारावासाची शिक्षा झाली.

महत्त्व

अपघाती व हेतुपुरस्सर विषबाधेची लक्षणे सारखीच असतात. साथीच्या अभ्यासातून संसर्गाचा मार्ग कळतो; हेतू सिद्ध होण्यास मात्र गुन्हे-तपासाची जोड लागते, हे या प्रकरणातून दिसून आले.