गुडघे आणि आगगाडी

दि. १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. कालांतरानें ठाणें, डोंबिवली येथील चाकरमानी दिवसभर बसूं लागला आणि स्थानकाचा जिना मात्र धांवत चढूं लागला. गुडघेदुखी त्याहून पुष्कळ जुनी. वात व रक्त यांनीं सुजलेल्या गुडघ्यास सुश्रुतानें कोल्ह्याच्या मस्तकाची उपमा देऊन ‘क्रोष्टुकशीर्ष’ म्हटलें. चरकानें संधिगत वाताचीं लक्षणें सांगितलीं. गुडघ्यावर उडदाच्या पिठाचें आळें करून त्यांत कोमट तेल धरण्याचा उपचार वैद्य आजही करितात. त्यानें वेदनेस उतार पडूं शकतो; झिजलेली कूर्चा मात्र पूर्ववत् होत नाहीं. म्हणून वजन आटोक्यांत ठेवणें व मांडीचे स्नायू बळकट करणें, हाच जिन्यावर थबकणाऱ्या वृद्धाचा खरा आधार होय.