प्रभुभोजनाची पंगत

ज्ञातीचे बंधन मुख्यतः पंक्तीचे असे, हे ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्याच चित्पावन ज्ञातीतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांची पंगत सुटली. लक्ष्मीबाई काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने राहून पुढे पतीकडे अहमदनगरास आल्या. परंतु सोवळे सांभाळून, अन्नपाणी वेगळे ठेवून.

तेथील ख्रिस्ती मंडळीत पूर्वीचे महार-मांग बहुसंख्य होते. उपासनेस कोणीही बसावे; प्रभुभोजनाची भाकर व प्याला मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. इतरांनी दुरूनच पाहावयाचे. म्हणजे दुरावा दुहेरी होता: एक सोवळ्याचा, दुसरा संस्काराचा. पहिला लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने मोडला. दुसरा १९०० साली बाप्तिस्म्याने सरला. मनाचा हा प्रवास ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी निर्भीडपणे नोंदविला आहे.

टिळकांस संस्काराचे कुंपणही पुढे अपुरे वाटले. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही स्थान होते. १९१९ साली ते निवर्तले.

पंक्तीबाहेर गेलेल्यांची नावे ज्ञातीच्या इतिहासातून गाळणे आम्हांस उचित वाटत नाही. पंगत सुटली, तरी नाते सुटत नाही.