गांजाचा तरवा

उत्तर बंगालमधल्या पोस्टिंगमध्ये पावसाळा लागला की आमच्या पलटणीत एक फटीग ठरलेली असायची. कुंपणाच्या कडेला, नाल्याच्या काठाने, एमटी पार्कच्या मागे कमरेएवढी भांग माजायची. कोणी पेरलेली नाही, कोणी पाणी घातलेलं नाही. दर पंधरवड्याला एक प्लाटून कोयते घेऊन जायची, झाडं मुळासकट उपटायची, खड्ड्यात पुरायची. पंधरा दिवसांनी पाहावं तर तीच भांग, त्याच जागी.

अशाच एका फटीगवर निफाडकडचा एक जवान मला म्हणाला, "साहेब, आमच्याकडं कांद्याचं रोप टाकायचं म्हणजे जीव अर्धा होतो. पाऊस जास्त झाला की गेलं, ऊन लागलं की गेलं. आणि हे बघा, फुकटचं!"

मी त्याला सांगितलं की इथून सीमेपलीकडे शंभर वर्षांहून जास्त काळ लोक याच झाडाचं रोप टाकत होते. वाफा करून, राखण करून, मग मिरचीसारखी शेतात लावणी. त्याला वाटलं साहेब चेष्टा करतायत. बाकीचेही हसले. त्या दिवशी पावसाने फटीग लवकर मोडली आणि उत्तर अर्धंच राहिलं. ते आज पूर्ण करतो.

हिली हे नाव माझ्या माजी सैनिक वाचकांना नव्याने सांगायला नको. १९७१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे ८ गार्ड्स आणि २०२ माउंटन ब्रिगेडच्या इतर पलटणींनी जी लढाई दिली, ती त्या युद्धातल्या सर्वांत रक्तरंजित लढायांपैकी एक. बॅटलफील्ड टूरसाठी आम्ही तिथे गेलो होतो. जुनी कलकत्ता-सिलिगुडी रेल्वे लाइन आता सीमेला चिकटून पलीकडच्या बाजूने जाते. त्याच लाइनने दक्षिणेला गेलं की सांताहार जंक्शन येतं आणि त्याच्या शेजारी नौगाव. हिलीपासून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. इंग्रजांच्या काळात राजशाही, दिनाजपूर आणि बोगुडा या तीन जिल्ह्यांचे कोपरे जिथे मिळत, त्या पट्ट्याला सरकारी कागदांत 'गांजा महाल' म्हणत. संपूर्ण बंगालला लागणारा गांजा प्रामुख्याने या एवढ्याशा मुलखात पिकायचा. नौगाव हे त्याचं ठाणं.

या लागवडीची तपशीलवार माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः दोन सरकारी अहवालांतून. पहिला हेमचंद्र कर या डेप्युटी कलेक्टरचा, १८७७ चा. दुसरा डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाचा, १८९३ चा. प्रेन तेव्हा कलकत्त्याच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये होता.

आता त्या जवानाचा प्रश्न. जे झाड कुंपणाला आपोआप माजतं, त्यासाठी वाफा कशाला?

पहिलं कारण पावसाचं. ज्याने बंगालचा पावसाळा पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. ऑगस्टमध्ये सखल रान पाण्याखाली असतं, निदान चिखलाचं तरी असतं. कोवळ्या रोपाच्या मुळाशी पाणी साठलं की ते कुजतं. म्हणून शेतकरी उंचवट्यावरची हलकी, वाळूसर, निचऱ्याची जमीन निवडायचा. तिथे सावली नको, पाणी साठायला नको. या छोट्या तुकड्यावर ऑगस्टमध्ये बी पडायचं. मोठं शेत तोवर नांगरून, खत घालून, सरी-वरंबे काढून तयार ठेवायचं. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरू लागला आणि रोप वीतभर ते हातभर झालं की उपटून वरंब्यावर लावणी. कोकणातला वाचक म्हणेल हा तर भाताचा तरवा, निफाडचा म्हणेल हे तर कांद्याचं रोप. तत्त्व तेच आहे. लहानपणी जिवाला धोका जास्त, म्हणून तेवढा काळ लहान जागेत, नजरेसमोर वाढवायचं. थंड मुलखात लोक बी घरात, खिडकीशी रुजवतात आणि थंडी सरल्यावर बाहेर लावतात. तिथे शत्रू थंडी, इथे पाणी.

दुसरं कारण पैशाचं. भांग म्हणजे पानं, ती रानटी झाडालाही येतात. चरस म्हणजे झाडाची राळ. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि भाव मिळायचा तो बी न धरलेल्या शेंड्यांना. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. शेतात नर राहिला आणि त्याचा पराग उडाला की मादीत बी धरतं, राळ कमी होते, भाव पडतो. म्हणजे सगळा खेळ एकेक झाड ओळखण्याचा. रानात उगवलेल्या गचपणात ते शक्य नाही. ओळीत, अंतरावर लावलेल्या शेतात आहे.

त्यासाठी नौगावकडे एक वेगळा जाणकारच असे. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणायचे. फुलोरा यायच्या सुमारास, साधारण नोव्हेंबरमध्ये, तो शेतातून ओळीओळीने फिरायचा आणि नर झाडं मोडत जायचा. शेतकरी मागून येऊन ती उपटून टाकायचा. परखदाराची नजर चुकली तर वर्ष गेलं. हिवाळा सरता सरता काढणी व्हायची. मग पायांनी तुडवून केलेला चपटा गांजा, वळून केलेला गोल गांजा आणि मोडून पडलेला चूर असे तीन प्रकार निघत.

म्हणजे एकच झाड. कुंपणापाशी ते तण आहे आणि नौगावला ते बंगालमधल्या सर्वांत जास्त निगराणीच्या पिकांपैकी एक होतं.

निगराणी फक्त शेतकऱ्याची नव्हती. गांजाच्या लागवडीला परवाना लागे. माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामात, म्हणजे 'गोल्या'त, जाई आणि तिथून वजनावर कर भरून घाऊक व्यापाऱ्याकडे. एवढ्या लहान पट्ट्यात लागवड असणं आबकारी खात्याला सोयीचं होतं. आपल्याकडे मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला गांजा पिकायचा, पण नौगावचा बंदोबस्त फार कडक.

मार्च १८९३ मध्ये लंडनला हाउस ऑफ कॉमन्समध्ये विल्यम केन या दारूबंदीवाद्या खासदाराने बंगालमधल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला. या पिकाने लोकांच्या शरीराचं आणि नीतीचं काय होतंय, याची चौकशी करा. त्यावर जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. अध्यक्ष पंजाबचे डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सात सभासद, त्यांत तीन हिंदी. त्या तिघांतले एक ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, म्हणजे राजशाही जिल्ह्यातलेच जमीनदार. कमिशन देशभर फिरलं, १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं घेतलं आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. तो अनेक खंडांचा आहे आणि आता इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो. एका रजेत मी तो वाचायला घेतला. रजा संपली, अहवाल संपला नाही.

निष्कर्ष थोडक्यात असा. माफक सेवनाने सहसा अपाय दिसत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी गरजेची नाही आणि शहाणपणाचीही नाही. परवाना, कर आणि विक्रीवर मर्यादा हाच मार्ग. दोन हिंदी सभासदांनी, राजा राय आणि लाला निहालचंद यांनी, आपली भिन्न मतं लेखी नोंदवली. आजच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक या अहवालातलं आपल्या सोयीचं वाक्य उचलतात. मला तो वाद इथे घालायचा नाही. मी थांबलो ते एका वेगळ्या प्रकरणापाशी.

त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या रजिस्टरमध्ये वेडाच्या कारणाचा एक रकाना असे, आणि त्यात वारंवार 'गांजा' लिहिलेलं असे. गांजाने वेड लागतं या समजुतीचा मोठा पुरावा म्हणजे हीच रजिस्टरं. कमिशनने ठरवलं की आकडे मोजायचे नाहीत, एकेक प्रकरण तपासायचं. १८९२ सालातले गांजा-भांगेच्या नावावर नोंदलेले २२२ रुग्ण त्यांनी निवडले आणि मागे जाऊन चौकशी केली. घरचे काय म्हणतात, गाव काय म्हणतं, आजार आधी की व्यसन आधी. निघालं असं की रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाच्या कागदावर जे लिहिलेलं असे तेच कारकून रजिस्टरमध्ये उतरवायचा. पोलिसाने कारण कुठून आणलं? काहीतरी लिहायचं असतं म्हणून. निम्म्याहून अधिक प्रकरणांत ते कारण टिकलं नाही.

याच कमिशनने देशी फौजेलाही निवडक प्रश्न पाठवले होते. तिथून आलेली उत्तरं एका वेगळ्या पुरवणी खंडात छापली आहेत. आपल्यासारखेच अधिकारी, आपल्यासारख्याच पलटणी, आणि प्रश्न तोच. तुमचा शिपाई हे घेतो का, आणि घेतला तर त्याचं काय होतं?

तो खंड उघडला तेव्हा मला माझा एक मार्च-अप आठवला.

मी नवा कंपनी कमांडर होतो. ठिकाण आणि पलटण सांगत नाही. दुसऱ्या युनिटमधून नुकताच आलेला एक जवान रात्री पंप हाउसमागे चिलीम ओढताना सापडला. चांगला धावपटू, कागद स्वच्छ. मी चार्जशीट लिहिली, सीओ साहेबांपुढे उभा केला, त्याला सजा झाली. कायद्याने जे झालं ते बरोबर होतं आणि आजही मी तो प्रकार सोडून देणार नाही. हातात हत्यार असलेल्या माणसाला नशेची मुभा नाही. पण त्याच्या कागदांत, पुढच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये, एकच शब्द राहिला. सगळ्याचं कारण 'गांजा'. तो उशिरा आला, गांजा. गोळीबारात मागे पडला, गांजा. वर्षाच्या आत तो स्वतः अर्ज देऊन घरी गेला.

नंतर माझ्या सीनियर जेसीओंकडून कळलं की आमच्याकडे येण्याच्या दोन महिने आधी त्याचा धाकटा भाऊ विहिरीत गेला होता. त्याने रजा मागितली होती. पोस्टिंगच्या गडबडीत ती एका युनिटने दुसऱ्यावर ढकलली आणि आमच्याकडे आल्यावर मी 'नवीन आहे, महिनाभर थांब' म्हणालो होतो. तो रकाना मीच भरला होता, त्या पोलिसासारखा.

सुभेदार साहेब मूळचे शेतकरी. तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, "साहेब, उपटून लावलेलं रोप पहिले आठ दिवस मान टाकतंच. तेव्हाच बघावं लागतं."

नौगावची पुढची गोष्टही सांगायला हवी. १९१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढली. माल सरकारला पुरवायची जबाबदारी संस्थेची, आणि नफ्यातून शाळा, दवाखाने. १९४७ ला नौगाव पूर्व पाकिस्तानात गेलं, बालुरघाट आणि हिली आपल्याकडे राहिले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार औषधाव्यतिरिक्तचा गांजा २५ वर्षांत थांबवायचा होता. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आला. त्यात गांजा आणि चरस आहेत, नुसती पानं नाहीत. बांगलादेशातही १९८० च्या दशकात नौगावची लागवड बंद झाली. वाफा, परखदार, गोला, सगळं संपलं.

झाड मात्र संपलं नाही. आमच्या कुंपणाला ते दर पावसाळ्यात येतच राहिलं आणि फटीग चालूच राहिली.

मी एक बदल केला. युनिटमध्ये नव्याने पोस्टिंगवर आलेल्या प्रत्येक जवानाशी पहिल्या आठवड्यात मी स्वतः बसून बोलतो, घरची चौकशी करतो, आणि थकलेली रजा आहे का हे कागदावर नव्हे, त्याच्या तोंडून ऐकतो. एखादा चुकला तर मार्च-अप होतोच. पण कारणाचा रकाना मी सगळ्यात शेवटी भरतो.

निफाडच्या त्या जवानाला हा लेख पाठवतोय. आता तो नाईक आहे, आणि त्याच्या सेक्शनमध्ये परवाच दोन नवीन पोरं आली आहेत.