धूळपाटीचा प्रवास

वर्गांत नवें यंत्र आलें कीं मुलांचें लक्ष आपोआप पाठाकडे वळेल, ही आशा आजच्या पडद्यांबरोबरच जन्मास आली असें अनेकांस वाटतें. वस्तुतः ती फार जुनी आहे. शिक्षणाच्या इतिहासांत तिचें एक उदाहरण असें आहे कीं, त्यांतील यंत्र म्हणजे केवळ मूठभर वाळू होती. ही वाळू हिंदुस्थानांतून इंग्लंडांत गेली, तेथें तिच्याभोवतीं एक मोठी शिक्षणपद्धति उभी राहिली, आणि थोड्याच वर्षांत ती पद्धति परक्या नांवानें आपल्याच दारीं परत आली. हा प्रवास नुसता मौजेचा नाहीं. साधनाकडून काय मागावें व काय मागूं नये, याचा निवाडा त्यांत सांपडतो. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

धूळपाटी म्हणजे काय, हें आजच्या मुलांस सांगावें लागेल. लांकडी फळीवर बारीक माती किंवा विटेची पूड पसरावयाची, तिच्यांत बोटानें अगर काडीनें अक्षर काढावयाचें, आणि फळी हलवून तें पुसून टाकावयाचें. कागद नाहीं, शाई नाहीं, बोरूहि नाहीं. 'धुळाक्षरें गिरवणें' हा वाक्प्रचार तेवढा भाषेंत मागें उरला आहे. या साधनाचा मोठा गुण असा कीं, त्यांत चुकीला किंमत पडत नाहीं. कागदावर चुकलेलें अक्षर तसेंच डोळ्यांपुढें राहतें व कागद वायां जातो. धुळींतील चूक एका हेलकाव्यासरशीं नाहींशी होते. जें मूल चुकण्यास भीत नाहीं तें पुन्हां पुन्हां लिहितें, आणि पुन्हां पुन्हां लिहिण्यानेंच अक्षर बसतें.

१६२३ सालीं पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कर्नाटकांतील इक्केरी येथें आला असतां, एका देवळाच्या ओसरीवर त्यानें चार मुलें अंकगणिताची उजळणी करतांना पाहिलीं. एक जण सुरांत पाठ म्हणे आणि म्हणतां म्हणतां जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूंत तो बोटानें लिहून काढी. मग बाकीचेहि तेंच म्हणत व तेंच लिहीत. जमीन भरली म्हणजे वाळू पुन्हां सारखी करीत. गुरु जवळ नव्हता. चुकलांत तर दुरुस्त कोण करील, असें प्रवाशानें विचारलें. तेव्हां चौघांनाहि एकाच वेळीं विसर पडणें शक्य नाहीं, असें उत्तर त्यास मिळालें. आपल्याकडील सायंकाळचा परवचा ज्यांनीं ऐकला आहे त्यांस हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

यानंतर सुमारें एकशें पासष्ट वर्षांनीं, म्हणजे १७८९ सालीं, अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रासजवळ एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. तेथील शिक्षणाची स्थिति समाधानकारक नव्हती. एके सकाळीं घोड्यावरून फिरावयास गेला असतां, इंग्रज ज्यांस मलबारी म्हणत अशा एका एतद्देशीय शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत आहेत असें त्याच्या दृष्टीस पडलें. हीच तऱ्हा आपल्या शाळेंत चालू करण्यास त्यानें सांगितलें. हाताखालच्या शिक्षकानें हें होणें शक्य नाहीं असा निर्वाळा दिला. तेव्हां बेलनें जॉन फ्रिस्केन नांवाच्या, एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे तो वर्ग सोंपविला. शिक्षकानें जें अशक्य मानलें तें त्या मुलानें करून दाखविलें. अशा रीतीनें वाळूबरोबरच 'मुलानें मुलास शिकवावें' ही युक्तीहि बेलच्या हातीं लागली. १७९६ सालीं तो स्वदेशीं परतला व पुढच्याच वर्षीं या प्रयोगाची हकीकत त्यानें छापून प्रसिद्ध केली.

१७९८ सालीं जोसेफ लँकेस्टर या वीस वर्षांच्या क्वेकर तरुणानें लंडनच्या सदर्क भागांत गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली. बेलच्या पुस्तकाचा त्यास पुढें उपयोग झाला. त्यानें वाळूला जवळजवळ कारखान्याचें रूप दिलें. सर्वांत लहान मुलें वाळू पसरलेल्या लांब मेजांशीं बसत. वर्गनायकानें अक्षर सांगितलें कीं सर्वांचीं बोटें एकदम चालत, आणि मग कपड्यांच्या इस्त्रीनें वाळू पुन्हां सपाट केली जाई. वरच्या वर्गांस दगडी पाट्या असत. पुस्तक महाग, म्हणून एकाच पुस्तकाचे पाठ मोठ्या ठशांत छापून ते तक्त्यांवर चिकटवीत व भिंतीस टांगीत. मुलें त्यांच्यापुढें अर्धवर्तुळ करून उभीं राहत. एका गुरूनें या रीतीनें हजार मुलांपर्यंत सांभाळावीं, असा लँकेस्टरचा दावा होता. पुढें या पद्धतीचा मूळ पुरुष बेल कीं लँकेस्टर, यावरून इंग्लंडांत कडाक्याचा वाद माजला; एका पक्षामागें तेथील राजमान्य धर्मपीठ उभें राहिलें, दुसऱ्यामागें इतर पंथ. ज्याच्या शाळेंतील वाळू बेलनें पाहिली त्या पंतोजीचें नांव मात्र या वादांत कोठेंच आढळत नाहीं.

या पद्धतीचा एवढा प्रसार कां झाला? मुलांचे हात तिनें कामास लावले, हें एक कारण खरें. नुसतें ऐकत बसणाऱ्या मुलापेक्षां बोट चालविणारें मूल अधिक सावध असतें. परंतु दात्यांस व अधिकाऱ्यांस भुरळ पडली ती दुसऱ्याच गुणाची: तींत शिक्षकांचा खर्च वांचत होता. आणि तेथेंच तिचा घात झाला. वर्गनायक हा स्वतः मूलच. त्याला आलेला पाठ तो इतरांकडून घोकून घेऊं शके, परंतु त्या पाठापलीकडचा प्रश्न कोणी विचारला तर तो काय उत्तर देणार? अक्षरें आलीं, पाढे आले, पण समज वाढली नाहीं. अखेर १८४६ सालीं इंग्लंडच्या सरकारी शिक्षणमंडळानें, होतकरू तरुणांना अनेक वर्षें उमेदवारी करावयास लावून शिक्षक तयार करण्याची नवी योजना सुरू केली. त्यानंतर वर्गनायकांची पद्धति हळूहळू मागें पडली.

इकडे मुंबईस १८२२ सालीं एतद्देशीयांच्या शिक्षणासाठीं शाळा व शाळापुस्तकें यांची मंडळी स्थापन झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा तिचा अध्यक्ष होता. पुढच्या वर्षीं तिच्या समितीनें प्रांतांतील शिक्षणाच्या चार उणिवा दाखविल्या: पुस्तकांचा तुटवडा, पद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांची वाण आणि पैशाची टंचाई. पद्धतीच्या उणिवेवर लँकेस्टरची पद्धति हा उपाय सुचविण्यांत आला. ज्या देशांत गांवोगांवचे पंतोजी मोठ्या मुलांकडून लहानांस गिरवून घेत होते, त्या देशास तीच रीत इंग्रजी नांवानें शिकविण्याचा हा प्रसंग गमतीचा खरा. तरीपण मंडळीस दोष देऊन भागणार नाहीं. तिनें केवळ पद्धतीवर भिस्त ठेवली नाहीं. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसपनीति' हीं पुस्तकें १८२८ सालीं तिच्याच आश्रयानें निघालीं. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यानें शास्त्र्यांच्या साह्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, १८२६ च्या सुमारास तयार केलेल्या चोवीस शिक्षकांची पहिली तुकडी तिनें जिल्ह्यांत पाठविली. लँकेस्टरची पद्धति कालांतरानें गेली. पुस्तकें व शिक्षक यांची परंपरा मात्र पुढें चालू राहिली.

पुढच्या काळांतील मोठ्या प्रयोगाचीहि साक्ष हीच आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोंचविण्यांत आले. सकाळीं शाळेंतील मुलांसाठीं साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. ज्या खेड्यांत चित्रपटहि क्वचित् जात तेथें आकाशांतून चित्र उतरावें, याचा विस्मय केवढा असेल! तथापि योजकांनीं विस्मयावर विसंबून न राहतां, त्याच यंत्रणेचा उपयोग करून हजारों प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचें शिक्षण दिलें. त्या प्रयोगाचा हा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

अगदीं अलीकडची गोष्ट घ्यावयाची तर सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची घेतां येईल. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकें मुलांच्या घरच्या भाषेंत उतरविलीं, आणि पानांवर क्यूआर कोडचे चौकोनी ठसे छापून त्यांमागें ध्वनि, चित्रें व स्वाध्याय ठेवले. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. लोकांच्या लक्षांत राहिला तो चौकोनी ठसा. परंतु ठसा हें कोणासहि छापतां येण्याजोगें चित्र आहे. मुलांना पुस्तकाची भाषा कळत नाहीं हें ओळखणें ठशाचें काम नव्हे, तें शिक्षकाचें. त्याच वर्षीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनच्या पडद्यावर आला. ज्या घरीं फोन एक व शिकणारीं मुलें तीन, तेथें काय झालें हें सांगावयास नको. फोन होता त्या घरींहि, पडद्यापुढें बसलेलें मूल समजून घेत आहे कीं नुसतें बसलें आहे, हें ओळखण्यास गुरूची नजर जवळ नव्हती.

नव्या साधनाचा द्वेष करावा असें या इतिहासावरून मुळींच निघत नाहीं. धूळपाटी हें आपल्या काळचें उत्तम साधन होतें. ती स्वस्त होती, मुलाच्या स्वतःच्या हातांत होती, आणि चुकण्याची मोकळीक देत होती. आजच्या पडद्यानें हे तीन गुण अंगीं आणले तर त्याचेंहि स्वागत करावें. परंतु मूठभर वाळूच्या जोरावर हजार मुलांस एक गुरु पुरेल, असा हिशेब जेव्हां कोणी मांडला तेव्हां वाळूहि फुकट गेली. म्हणून आपल्या गांवच्या शाळेंत नवी पेटी उतरेल तेव्हां तिची किंमत विचारण्याआधीं गांवकऱ्यांनीं एवढेंच विचारावें: हिच्याबरोबर शिक्षक येत आहे, कीं हिच्यामुळें असलेला शिक्षक जात आहे?